ताल्को सरोवरावरची शांतता

ताल्को लेक,
उत्तर ब्रिटिश कोलंबिया
९ जानेवारी १९७४

प्रिय विनिफ्रेड,

टंकयंत्र तुझंच आहे. न विचारता उचलून आणलं, त्याबद्दल आधी रागाव आणि मग पुढचं वाच. चुका सापडतील. काय टंकलं ते मला दिसत नाही, आणि इग्नासला तपासायला दिलं तर तो स्वतःची चार वाक्यं घुसडेल.

मी सुखरूप पोचलो. बसवाल्याने मला थेट इग्नासच्या, बाबांच्या जुन्या मित्राच्या, दारात उतरवलं. म्हाताऱ्याने दार उघडलं आणि म्हणाला, "बापासारखाच दिसतोस. बूट झाडून आत ये." बस्स. डोळ्यांचं काय झालं, पुढे काय करणार, झोप लागते का, यातलं काहीही विचारलं नाही. विनी, दोन वर्षांत असा पहिलाच माणूस भेटला.

तू म्हणशील, बहिणीच्या घरात काय कमी होतं? काहीच नव्हतं, तीच तर अडचण होती. पाणी मागायच्या आत पेला हातात यायचा. बुटाच्या नाड्या तू बांधायचीस. कारखान्यात करवतीचं पातं फुटलं, तेव्हा माझे डोळे गेले. हात शाबूत होते. पण तुझ्या घरी राहून तेही गेल्यासारखे वाटायला लागले होते. हे तोंडावर सांगायची हिंमत नव्हती, म्हणून चिठ्ठी ठेवून निघालो. तुझ्यावर राग नाही. हे वाक्य इग्नासने सांगितलेलं नाही, माझं आहे.

सरोवर गोठलंय. इग्नासचं लाकडी खोपटं बर्फावर मधोमध उभं आहे. आत पत्र्याची चूल, दोन बादल्या उपड्या घातलेल्या बसायला, आणि मासे धरायला खालच्या बर्फात दोन भोकं. किनाऱ्यापासून खोपट्यापर्यंत त्याने खुंट्या ठोकून दोर बांधलाय. दोर धरून मी एकटा जातो, एकटा येतो. पहिल्या दिवशी म्हातारा मागून चालत होता. मला त्याची पावलं ऐकू येत होती. दुसऱ्या दिवशी तो आला नाही.

खाली वीस पुरुष पाणी आहे. ट्राउट मासा तळाशी असतो. गळाला पांढऱ्या मासळीचा तुकडा लावायचा, तळ लागेपर्यंत दोरा सोडायचा, हातभर वर घ्यायचा, आणि मग हलकेच झटके देत बसायचं. एवढ्या खोलवरचं डोळस माणसालाही दिसत नाही. जे कळतं ते बोटाला कळतं. इग्नास म्हणतो, "इथे आपण दोघे सारखेच आंधळे. फरक एवढाच की मला सवय नाही."

अजून एकही मासा मिळालेला नाही. तुझी पत्रं इग्नासच वाचून दाखवणार आहे, तेव्हा जपून लिही.

तुझा,
लायल


व्हँकूवर
१७ जानेवारी १९७४

प्रिय लायल,

टंकयंत्र ठेव. चुका कमी आहेत. माझ्या दुकानातल्या मुलीपेक्षा बऱ्या.

तू गेलास त्या सकाळी मी तुझ्या खोलीत चहा घेऊन गेले होते. याहून जास्त त्याबद्दल लिहीत नाही, कारण हे पत्र तिसरा माणूस वाचणार आहे. इग्नास अंकल, तुम्हाला नमस्कार. तुम्ही त्याला ठेवून घेतलंत, तुमचे उपकार. पण आंधळ्या माणसाला गोठलेल्या पाण्यावर एकटं पाठवायची अक्कल तुम्हाला कुणी दिली? हे वाक्य गाळू नका. मोठ्याने वाचा.

आता कामाचं. इथल्या अंधशाळेतून निरोप आलाय. ज्या अभ्यासक्रमासाठी आपण गेल्या वर्षी नाव दिलं होतं, त्यात मार्चपासून जागा रिकामी होतेय. काठी घेऊन रस्त्यावर चालणं, बोटांनी वाचणं, स्वयंपाक, काम शोधणं, सगळं शिकवतात. राहायची सोय तिथेच. म्हणजे माझ्या घरात राहायचं नाही, मी नाड्या बांधणार नाही, झालं? त्यांना फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत उत्तर हवंय. दुसरी जागा कधी निघेल सांगता येत नाही.

तू मासे धरून किती दिवस काढणार आहेस? बर्फ वितळल्यावर काय?

लोकरीचे मोजे वेगळ्या पार्सलने पाठवलेत. अंकल, एक जोड तुमची. रागावले असले तरी थंडी कळते मला.

विनिफ्रेड


ताल्को लेक
२६ जानेवारी १९७४

प्रिय विनी,

तुझं पत्र टपालातून आणलं आणि अगाथाच्या खानावळीत बसून इग्नासने वाचलं. 'अक्कल' या शब्दाशी तो अडखळला. खाकरला. मग म्हणाला, "इथे शाई फुटलीय." अगाथा मागे कांदा चिरत होती, तिने येऊन त्याच्या खांद्यावरून ते वाक्य वाचलं, खणखणीत आवाजात, सगळ्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं. खानावळ हसून हसून बेजार. टपालवाली मिसेस ड्रम म्हणाली, "ही बहीण इथे आली तर मी तिला माझी खुर्ची देईन."

अगाथाची ओळख करून देतो. ती इथल्या मूळच्या लोकांतली. बाकीचे सगळे इथे यायच्या कितीतरी आधीपासून तिची माणसं या पाण्यात मासे धरतायत. आवाज भरडा, पाय जड, आणि जीभ अशी की चाकूची गरज नाही. मी सूप सांडलं, तर म्हणाली, "डोळे गेले म्हणून तोंडही हरवलं का?" सगळे गप्प. मी हसलो. मग तेही हसले. तिने फडकं माझ्याकडे फेकलं आणि मीच पुसलं.

आणि ऐक, मासा मिळाला! मंगळवारी. बोटावरचा दोरा नुसता जड झाला, कुणी ओला हात ठेवावा तसा. मी थांबलो. इग्नास पलीकडे घोरत होता. पुन्हा जड झाला, आणि मी हिसका दिला. त्यानंतरचं सांगता येत नाही. एवढ्या खोलातून एक जिवंत प्राणी रागाने डोकं झटकतोय, आणि त्याचा प्रत्येक झटका तुझ्या कोपरापर्यंत पोचतोय. दोन वर्षांत माझ्याशी इतकं स्पष्ट कुणी बोललं नव्हतं. वर आला तेव्हा मी त्याला दोन्ही हातांत धरून बसलो. इग्नास जागा झाला आणि म्हणाला, "बरा आहे. पण बाळ आहे. मोठे कड्याखाली असतात, उत्तरेला, जिथे पाणी खोल होतं. तिथे तू जायचं नाहीस. दोर खोपट्याशी संपतो."

अंधशाळेचं वाचलं. विचार करतो.

मोजे उबदार आहेत. इग्नासने त्याची जोड हातात घातलीय.

लायल


व्हँकूवर
३ फेब्रुवारी १९७४

लायल,

'विचार करतो' हे उत्तर नाही. बाबाही असंच म्हणायचे आणि छप्पर गळत राहायचं.

मुदत संपायला आली होती. शाळेच्या बाईंचा फोन आला आणि मी तुझ्या वतीने हो सांगून टाकलं. १ मार्चला हजर व्हायचंय. मी आणि रॉय (अंकल, माझा नवरा) गाडी घेऊन तुला न्यायला येऊ. चिडशील, माहीत आहे. चीड. पण जागा हातची गेली असती तर पुढे तूच मला विचारलं असतंस की तेव्हा का नाही धरून ठेवलीस.

तुला मासा मिळाला, मला आनंद झाला. खरंच झाला.

विनिफ्रेड


ताल्को लेक
१६ फेब्रुवारी १९७४

प्रिय विनी,

पत्र मिळालं. हाताची दोन बोटं थोडी दुखतायत, म्हणून आज थोडक्यात. इथे सगळं ठीक. बराच मोठा ट्राउट मिळाला, आख्ख्या गावाने खाल्ला. इग्नासची कंबर धरली होती, आता बरी आहे. शाळेचं पुढच्या पत्रात लिहितो.

लायल


ताल्को लेक
१८ फेब्रुवारी १९७४

प्रिय विनिफ्रेड,

माझं अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखन त्याहून वाईट. पण लायलने तुला लिहिलेलं त्याने मला वाचून दाखवलं, म्हणजे तोंडपाठ म्हणून दाखवलं, आणि मी म्हणालो, "हे अर्धंच आहे." तो म्हणाला, "उरलेलं तिला सहन होणार नाही." मी म्हणालो, "ती तुझ्यापेक्षा मोठी आहे, तिचं तिला ठरवू दे." तो म्हणाला, "मग तूच लिही." म्हणून लिहितोय.

तुझं हो सांगितल्याचं पत्र मी त्याला वाचून दाखवलं. तो चुलीत लाकडं घालत राहिला. मी बोललो, ती माझी चूक. म्हणालो, जा बाबा, तुझ्या भल्याचं आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी माझी कंबर अशी धरली की अंथरुणातून उठवेना. तो म्हणाला, खोपट्यात चूल पेटवून येतो. घसरगाडी ओढत गेला. गिरमिट आणि पहारही बरोबर नेलीय, हे मला नंतर कळलं. खोपट्याशी दोर संपला आणि हा पुढे चालत राहिला, कड्याच्या दिशेने. गालावर वारा घेऊन दिशा धरली होती म्हणे. स्वतः बर्फ फोडून, स्वतःच्या भोकातून, कुणाच्या मदतीशिवाय एक मोठा ट्राउट काढायचा आणि मग तुला उत्तर द्यायचं, असा बेत होता.

दुपारी माझा डोळा लागला. जाग आली तर वारा पडलेला. खिडकीबाहेर हिम सरळ खाली उतरत होतं, दाट, पिठासारखं. समोरचं लाकडाचं शेड दिसत नव्हतं. घरात लायल नाही. विनिफ्रेड, मी कंबर विसरलो. गुडघ्यांवर रांगत रस्त्यापर्यंत गेलो आणि मिसेस ड्रमच्या दारावर काठी आपटली.

गाव जमायला वेळ लागला नाही. कुणी चर्चची घंटा सुरू केली, कुणी ट्रकचे भोंगे, दोघांनी लाकूड कापायच्या यंत्रकरवती चालू केल्या, कुत्री भुंकायला लागली. ज्याला जे वाजवता येईल ते तो वाजवत होता. आम्हाला वाटलं, आवाजाच्या रोखाने येईल. पण तो काही आला नाही.

मग अगाथा खानावळीतून आली, एप्रनवरच कोट चढवलेला. क्षणभर उभी राहिली आणि ओरडली, "बंद करा सगळं! तो कड्याखाली असेल तर प्रत्येक आवाज त्याला दोन बाजूंनी येत असेल. आपण नुसते बोलतोय. तो काय म्हणतोय ते ऐका ना!"

घंटा थांबली. भोंगे थांबले. फादर लोरेंझोने कुत्र्याचं तोंड हाताने मिटलं. साठेक माणसं किनाऱ्यावर श्वास धरून उभी. मी या गावात आयुष्य काढलं, अशी शांतता इथे कधी ऐकली नाही. बराच वेळ काही नाही. मला वाटलं, संपलं.

आणि मग लांबून, अगदी बारीक, टण्. परत टण्. पहार बर्फावर.

अगाथाचा नवरा फेलिक्स कमरेला दोर बांधून त्या दिशेने निघाला. तो एकटाच हाका मारत होता, बाकी कुणी नाही. दोर संपला तेव्हा दुसरा जोडला. तोही संपला तेव्हा माणसं जोडली गेली, हातात हात. अगाथा, मिसेस ड्रम, फादर, गावच्या कारखान्यातली पोरं. शेवटचा माणूस खुंटीला धरून. मी किनाऱ्यावर बसून रडत होतो, तेवढंच मला येत होतं.

सापडला तेव्हा तो बर्फावर बसलेला, मासा पट्ट्याला बांधलेला, आणि पहार काही केल्या सोडेना. अगाथा म्हणाली, "ती पहार टाक, गाढवा, आणि हात दे." त्याने हात दिला.

दोन बोटं हिमाने पोळलीत. नर्स म्हणते वाचतील.

तू मला अकलेबद्दल विचारलं होतंस. ती माझीच होती, आणि कमी पडली.

तुझ्या बापाचा मित्र,
इग्नास कोवाल


व्हँकूवर
२५ फेब्रुवारी १९७४

प्रिय लायल,

इग्नास अंकलचं पत्र तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा रॉयने वाचून दाखवलं, कारण मला दिसेना.

मी ओरडणार नाही. तसं पत्र लिहिलं होतं, चार पानी. फाडलं.

शाळेच्या बाईंना आज फोन केला. सांगितलं, जागा दुसऱ्याला द्या, माझ्या भावाने हो म्हटलेलं नाही, मी म्हटलं होतं. त्यांनी तुझं नाव यादीत ठेवलंय, तेही मी विचारल्यावर. ते पुसायचं असेल तर तू सांग. तुझं उत्तर तू दे. कधीही दे.

एकच मागणं आहे. जे झालं ते मला तुझ्याकडून ऐकायचंय. मी सहन करीन.

अंकल, इथे थांबा आणि हे नीट वाचा: तुम्ही रांगत गेलात. बाबा असते तर तेही तसेच गेले असते. 'अक्कल' हा शब्द मी मागे घेते. आणि अगाथाला, फेलिक्सला, मिसेस ड्रमना, ज्यांची नावं मला माहीत नाहीत त्या सगळ्यांना सांगा, की व्हँकूवरमध्ये एक बाई आहे जी रोज जेवायला बसताना तुमची आठवण काढते.

विनी


ताल्को लेक
५ मार्च १९७४

प्रिय विनी,

तुझं पत्र इग्नास पुरं वाचू शकला नाही. शेवट अगाथाने वाचला. तिचाही आवाज नेहमीसारखा नव्हता. खानावळीत कुणी हसलं नाही.

तर ऐक.

भोक पाडायला फार कष्ट पडले. बर्फ माझ्या हातभर जाड होता. पण फोडलं, गळ सोडला, आणि बसलो. वारा गालावर होता, म्हणजे परतीची वाट माहीत होती. मग मासा लागला. विनी, पहिला मासा खरंच बाळ होतं. या एकाने मला गुडघ्यांवर आणलं. कधी दोरा नेत होता, कधी देत होता. मी भोकाभोवती फिरत होतो, सरपटत होतो, हसत होतो, त्याला शिव्या देत होतो. शेवटी कल्ल्यांत हात घालून बाहेर ओढला तेव्हा मी बर्फावर उताणा पडून ओरडलो, आनंदाने. मी जिवंत होतो, पुरा.

मग उठलो आणि लक्षात आलं की वारा नाही. मासा खेळवताना मी किती वेळा फिरलो, देव जाणे. किनारा कुठे, खोपटं कुठे, काही कळेना. पायांच्या खुणा हाताने चाचपल्या, हिमाने बुजलेल्या. घसरगाडीही हाताला लागेना.

मग घंटा ऐकू आली. मी तिकडे वळून चालायला लागलो, तर तीच घंटा मागून आली. भोंगा डावीकडून, आणि लगेच उजवीकडून. कडा सगळं परतवून मारत होता. जणू गाव माझ्याभोवती गोल फिरत होतं. मी चाललो, थांबलो, वळलो, पुन्हा चाललो. मग बाबांचं आठवलं, जंगलात हरवलास तर बस. मी बसलो.

आणि सगळे आवाज एकदम बंद झाले.

हे तुला सांगायला मला इतके दिवस लागले. त्या शांततेत मला वाटलं, गेले. शोधून शोधून दमले आणि घरी गेले. मी त्यांना दोष दिला नाही. मी म्हणालो, बरोबर आहे, कुणी किती थांबायचं? डोळे गेले त्या दिवशीही मी इतका एकटा नव्हतो. तुझी आठवण आली. चहाचा पेला घेऊन तू रिकाम्या खोलीत उभी आहेस, असं दिसलं. हो, दिसलं. आणि मला स्वतःचा इतका राग आला की पहार उचलून बर्फावर हाणली. मदतीसाठी नाही, विनी. रागाने. पुन्हा हाणली. पुन्हा.

मग फेलिक्सची हाक आली. एकच आवाज, आणि जवळ जवळ येणारा.

दुसऱ्या दिवशी नर्स बोटं बांधत होती तेव्हा मी विचारलं, तुम्ही सगळे गेला होतात, मग परत का आलात? ती म्हणाली, "गेलो? कोण गेलं? तुझ्यासाठी साठ माणसं श्वास रोखून उभी होती."

ज्याला मी सोडून जाणं समजलो होतो, ते ऐकणं होतं.

मग मी काय केलं, सांगतो. चर्चच्या दालनात त्या माशाचं जेवण घातलं. अगाथाने शिजवला, डोकं रीतीप्रमाणे सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला, म्हणजे तिच्या आजेसासूला दिलं. मी दाराशी उभा राहिलो आणि आत येणाऱ्या प्रत्येकाला म्हणालो, नाव सांगा, हात द्या. प्रत्येक हात धरला. काही हात पहारीसारखे, काही पावासारखे. एक जण म्हणाला, "मी तुझ्यासाठी नव्हतो आलो, माझं कुत्रं पळालं होतं." त्याचाही हात धरला. आभार मानायला मला कधी जमलं नाही, त्या दिवशी इतके मानले की शेवटी अगाथा म्हणाली, "पुरे आता, सूप निवतंय."

तुझे राहिले होते. विनी, तू दोन वर्षं माझ्या नाड्या बांधल्यास. मी त्याला बेडी समजलो. तेव्हा मला हात चालवायची इच्छाच नव्हती, आणि तू नसतीस तर मी अनवाणीच राहिलो असतो. उपकार हा शब्द लहान आहे. पण टंकतोय.

शाळेचं उत्तर: हो. यादीतून नाव पुसू नकोस. सप्टेंबरात जागा असेल तर सप्टेंबरात, नाहीतर त्यानंतर. बाईंना मी स्वतः पत्र टंकलंय. काठी वगैरे ठीक आहे, पण खरं कारण बोटांनी वाचणं. तुझी पत्रं मला स्वतः वाचायचीत. इग्नास रडतो, आणि मग शब्द नीट कळत नाहीत.

तोवर इथेच. महिनाअखेरपर्यंत बर्फ भक्कम आहे. ये ना. रॉयलाही आण.

लायल


व्हँकूवर
३१ मार्च १९७४

प्रिय लायल,

घरी नीट पोचलो. रॉयने रस्ताभर माशांबद्दल इतकं बोलून डोकं उठवलं की मी झोपेचं सोंग घेतलं.

निघताना घाईत काही बोलता आलं नाही, म्हणून लिहिते. (अंकल, आज हवं तिथे थांबा. घाई नाही.)

खोपट्यात तू मला दोरा दिलास, माझी तर्जनी धरून त्यावर ठेवलीस, आणि म्हणालास, "आता गप्प." मला वाटलं होतं, तू पुढे काही सांगशील, केव्हा ओढायचं, किती ओढायचं. तू चुलीत लाकूड घातलंस आणि पाठ टेकून बसलास. मला इतका राग आला! बराच वेळ मी मनातल्या मनात तुझ्याशी भांडत होते. मग भांडण संपलं. मग दोरा जड झाला.

"लायल," मी म्हणाले, "धर, धर ना!"

"तुझा आहे," तू म्हणालास.

दोऱ्याने माझी बोटं कापली, केस सुटले, मी त्या माशाच्या बापाच्या नावाने काय काय बोलले ते अंकलनी ऐकलं असेल तर विसरावं. आणि तू हसत होतास. लायल, तू इतका हसत होतास की बादलीवरून पडलास. रॉय दार उघडून आत आला, त्याला वाटलं, आपल्यापैकी कुणाला तरी काहीतरी झालंय.

मासा वर आला, बर्फावर पडला, अंगावर सगळे पिवळे ठिपके, आणि मी रडायला लागले. तू विचारलंस, "केवढा आहे?" आणि मला सांगता येईना. म्हणून मी तुझा हात धरला आणि त्याच्या डोक्यापासून शेपटीपर्यंत नेला. हळूहळू.

काल दुकानात शेजारच्या बाईंनी विचारलं, "भाऊ कसा आहे हो तुमचा, बिचारा?" दोन वर्षं मी या प्रश्नाला उसासा टाकून उत्तर देत आलेय. काल माझ्या तोंडून निघालं, "मजेत आहे. मला मासे धरायला शिकवतो."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मी कापड मोजायला घेतलं आणि मोजता मोजता दोनदा चुकले, कारण मला हसू आवरत नव्हतं.

तुझीच,
विनी